निबर बोट

प्रयोगशाळेत तिला सगळे शंकासुर म्हणत. लहानपणीही तशीच. वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसून चालती घड्याळं उघडायची आणि वर विचारायची, "आता हे का थांबलं?"

सध्या तिच्यासमोर नखाएवढी पट्टी होती, घामातली साखर ओळखणारी. पट्टीवरचं एन्झाइम साखरेला भिडलं की इलेक्ट्रॉन सुटतात. ते पट्टीच्या तळाशी असलेल्या कार्बनपर्यंत पोचले तरच मीटरवर रेघ चढते. रेघ ढिम्म हलत नव्हती.

वडिलांना मधुमेह. रोज टोचून टोचून बोटांची टोकं बधिर झालेली, बारीक स्क्रू हातातून निसटत. दुकान बंद करायची भाषा त्यांनी परवाच काढली होती. पट्टी जमली तर टोचणं संपलं असतं.

एन्झाइम धुऊन जाऊ नये म्हणून ती त्यावर चिकट द्रावाचा थर देई. रेघ खाली राहिली की तिला वाटे, निसटलंच असणार. मग आणखी एक थर.

एका सकाळी वडिलांनी बोटाला सुई टोचली. रक्त आलं नाही. त्यांनी बोट दाबलं, पिळलं, तरी नाही.

"बाबा, दुसरं बोट घ्या ना."

"सगळी एका माळेचे मणी गं. कातडी निबर झालीय. आत रक्त आहे, पण बाहेर येईल तर शपथ."

ती ते बोट हातात धरून बघतच राहिली.

"काय झालं?"

"काही नाही. मीही थरावर थर देऊन पट्टी अशीच निबर करून ठेवलीय."

प्रयोगशाळेत तिने एकच पातळ थर दिला. त्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या मिसळल्या, म्हणजे इलेक्ट्रॉनना वाट मिळेल. रेघ चढली. साखर वाढवली, आणखी चढली. तिचा विश्वास बसेना. तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं, शंकासुरच ती.

मग घरी बरेच दिवस पट्टी आणि सुई दोन्ही चालू ठेवल्या. एकदा पट्टीने आकडा फारच वर दाखवला. वडील म्हणाले, पट्टी बिघडली. सुईनेही तोच सूर लावल्यावर मात्र चोरून खाल्लेली दोन बिस्किटं कबूल झाली.

सुई बंद होऊन महिने लोटले, तरी सकाळी सवयीने त्यांचं बोट पुढे यायचं. एक दिवस तिने त्यावर बारीक स्क्रू ठेवला.

"बोटाला लागतोय?"

वडिलांनी डोळे मिटून तो चिमटीत फिरवला.

"आटे झिजलेत याचे," ते म्हणाले. "दुसरा दे."