दीडशे अंशांवरचा माणूस

चिमट्यानं रिब्जचा रॅक, म्हणजे डुकराच्या बरगड्यांची अख्खी पट्टी, एका टोकाला धरून ते उचलायचे. रॅक हवेत वाकायचा. वाकताना वरच्या सालीला भेग गेली की ते मान हलवायचे आणि पुढे सरकायचे. भेग गेली नाही, तर रॅक परत ठेवून, ज्यानं तो शिजवलाय त्याच्याकडे बघत विचारायचे, "हे आपण कुणाला खायला घालणार आहात?"

'आपण' म्हणायचे. शिवी दिली असती तर परवडली असती. शिवीला शिवी देता येते, 'आपण'ला काय देणार?

तुमच्याही ऑफिसात किंवा गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याला समोर सगळे 'सर' म्हणतात आणि पाठ वळली की दुसरंच काहीतरी. आमच्याकडे ते होते. मी त्यांचा मनापासून द्वेष केला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे मी त्यांच्याविषयी बरं बोललोच, तर माझी जीभ घसरली असं समजा.

सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या अलीकडे, एक गार्डन रेस्टॉरंट आहे. धुरावर शिजवलेलं मांस ही तिथली खासियत. मी तिथे दोन नंबरचा कुक होतो आणि ते स्मोकर्सचे, म्हणजे धुराच्या भट्ट्यांचे, प्रमुख. वय साठीच्या पुढे, राहायला नारायण पेठेत. सगळी नोकरी हडपसरच्या एका कारखान्यात लोखंड तापवायच्या भट्ट्यांवर झालेली. कंपनीनं मध्ये दोन वर्षं परदेशी पाठवलं, तिथे हे खाणं खायला आणि करायला शिकून आले. निवृत्तीनंतर मालकांनी त्यांना गाठलं.

मी येरवड्याचा. आमच्या घरी डुकराचं मटण आई लहानपणापासून करायची, शेजारपाजारचे वास घेत दारात यायचे. आणि आता मला डुक्कर शिजवायला शिकवणार कोण, तर नारायण पेठेतले हे गृहस्थ! पहिल्याच आठवड्यात मी हे त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं बोललो. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "उद्यापासून आईंना पाठवा. तुम्ही घरी थांबा."

बाकीचे लोक रिब्ज मंद आचेवर सहा-सहा तास ठेवतात. हे दीडशे अंशांवर सव्वादोन तासांत करायचे. कुणी गिऱ्हाईक शहाणपणानं म्हणालं, की आम्ही तर ऐकलंय हे दिवसभर शिजवतात, तर ठरलेलं उत्तर यायचं, "वेळ घालवणं म्हणजे शिजवणं नव्हे." गिऱ्हाईक ओशाळायचं आणि मुकाट्यानं दुसरी प्लेट मागवायचं. तेवढी चव होती, नाही म्हणता येणार नाही.

आमच्याकडे स्मोकर तीन प्रकारचे. एक उभं पिंप, त्यात तळाला निखारे आणि वरून आकड्यांना रॅक टांगलेले. चरबी थेंबथेंब निखाऱ्यावर पडते आणि तिचाच धूर वर मांसाला लागतो. दुसरं आडवं लांबलचक धूड, त्याच्या एका बाजूला लाकडाची भट्टी. त्यात भट्टीजवळचा रॅक आधी होतो आणि टोकाचा मागे राहतो, म्हणून जागा बदलत राहावं लागतं. तिसरं विजेचं कपाट, नावापुरता धूर करणारं, मालकांनी हौसेनं आणलेलं. त्याला ते 'फ्रीज' म्हणायचे. आकडा तिन्हीकडे दीडशेच, पण प्रत्येकाचे दीडशे निराळे. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही. ते करायचे, मी तिरक्या डोळ्यानं बघायचो आणि संडासात जाऊन मोबाईलवर लिहून ठेवायचो.

एकदा मी पिंपात रॅक उलटा टांगला. जाड बाजू वर, पातळ बाजू निखाऱ्यांवर. पातळ बाजूचा कोळसा झाला. त्यांनी तो रॅक उतरवला, प्लेटमध्ये नीट मांडला, लिंबाची फोड ठेवली आणि दुपारी सगळे जेवायला बसल्यावर माझ्यापुढे आणून ठेवला. "आजचं जेवण आपलं." सगळ्यांसमोर मी ती जळकी हाडं चावली. त्या दिवशी ठरवलं, की या माणसाला इथून घालवायचं.

संधी चालून आली. मालकांनी शहरात, येरवड्याजवळ, दुसरी शाखा काढायचं ठरवलं. शहरात फार धूर करून चालणार नाही म्हणून तिथे नुसती विजेची कपाटं. मालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुला एकट्याला जमेल? का सर लागतील?"

माझ्या डोळ्यांपुढे माझं स्वतःचं किचन उभं राहिलं. मी म्हटलं, "सरांची गरज नाही. खरं म्हणजे लोणीलाही नाही. सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे."

पुढच्या महिन्यापासून सर येईनासे झाले. मला काहीही वाईट वाटलं नाही. उलट घरी जाताना पेढे घेतले.

उद्घाटनाच्या दिवशी दीड वाजता चाळीस पाहुणे जेवायला होते. दहा वाजता मी दोन्ही कपाटं खच्चून भरली, दीडशेवर लावली, सव्वादोन तासांचा गजर लावला. मध्येच एकदा बघावं म्हणून साडेअकराला दार उघडलं तर आतून वाफेचा लोट आला. आत राखाडी, ओलं, बिळबिळीत मांस. धुराचा रंग नाही, साल नाही. मालक शेजारी उभे होते. ते म्हणाले, "फोन लाव त्यांना. आत्ता." मी लावला. पलीकडून फक्त "पत्ता सांगा" एवढंच आलं.

पाऊण तासात ते रिक्षानं आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चपला. कपाट उघडलं, एक रॅक चिमट्यानं उचलला, परत ठेवला. मी त्यांच्या त्या प्रश्नाची वाट बघत होतो. तो आला नाही.

"आकडा काय दाखवतोय?"

"दीडशे."

"आकडा वरच्या तापत्या नळीजवळचा. मांसाजवळ काय असेल?"

"कमी. खूपच कमी." मी खालच्या रॅकला हात लावून बघितला. "मी सगळे रॅक एकदम भरले. गार मांसानं आच खाल्ली. चरबी जळायला खाली निखारे नाहीत, पाणी बाहेर जायला वाट नाही. ते वाफेवर उकडलं."

"मग आता?"

"अर्धे बाहेर काढायचे. कपाटाची वरची झडप उघडायची, म्हणजे वाफ जाऊन साल वाळेल. काढलेले पिंपात टांगायचे."

पिंप होतं. मालकांनी शोभेसाठी दारात ठेवलं होतं, झेंडूच्या माळा घालून. मी माळा ओरबाडून काढल्या आणि निखारे पेटवले. धुराचं काय व्हायचं ते होवो. जाड बाजू खाली ठेवून रॅक टांगले. सर हाताची घडी घालून उभे होते, बोटसुद्धा लावलं नाही. पाऊण तासानं मी एक रॅक उचलून वाकवला. भेग गेली.

ते म्हणाले, "हे सगळं तुम्हाला येत होतं. मग मला कशाला बोलावलंत?"

आणि निघाले. मालक जेवायचा आग्रह करत होते, तिकडे त्यांनी लक्षही दिलं नाही. मला खिडकीतून रस्ता दिसत होता. दोन रिक्षावाले पेठेत यायला नाही म्हणाले. ते उन्हात उभे होते आणि माझी गाडी दारातच होती. मी पाहुण्यांच्या प्लेटा लावत राहिलो. तिसरी रिक्षा थांबली.

त्यानंतर ते मला कधीच दिसले नाहीत. किचन माझं झालं. फोन करायचं वर्षभर मनात होतं, पण बोलणार काय? मग एक दिवस मालकांनी सांगितलं, सर गेले. झोपेतच.

दहाव्यानंतर मी नारायण पेठेत त्यांच्या घरी गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांच्या पत्नीनं दार उघडलं. मी रेस्टॉरंटचं नाव सांगितल्यावर त्यांनी मला नीट निरखून पाहिलं.

"येरवड्याचे का तुम्ही?"

"हो."

"तुमच्याबद्दल बोलायचे. म्हणायचे, तिथे एकालाच यातलं कळतं, पण तो विचारत नाही. संडासात जाऊन लिहितो." त्या किंचित हसल्या. "मी म्हणायचे, अहो, मग तुम्हीच सांगा की त्याला. तर म्हणायचे, न विचारता सांगितलेलं टिकत नाही. त्यानं विचारू दे, एका दिवसात सगळं सांगतो. रोज संध्याकाळी आले की मी विचारायचे, विचारलं का हो त्यानं?"

मी चहा नको म्हटलं आणि निघालो. मला भयंकर संताप आला होता. असं होतं तर तोंड उघडायला काय झालं होतं त्या माणसाला? ती जळकी हाडं पुढ्यात ठेवताना एक शब्द बोलता आला नसता? जिना उतरताना मी त्यांना मोठ्यानं शिवी दिली. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडून कुणीतरी डोकावलं. मी तिथेच पायरीवर बसलो, आणि मला उठता येईना.