लखमाने आखलेली वाट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिच्या शेवटच्या आजारात ओठांवर आलं होतं, पण गिळलं. मग आज तुम्हालाच का? माहीत नाही.

संस्थानच्या काळात जव्हारला एका वकिलांकडे मी कारकून होतो. त्यांचे मुंबईचे स्नेही थंडीत हवापालटासाठी यायचे. कोणत्या दिवशी कुठे जायचं, गाडी कधी जुंपायची, जेवण कुठे — सगळी आखणी माझी. मला तिचा भारी अभिमान. खरं सांगू? प्रत्येकाला मी तोच कागद द्यायचो. वरचं नाव तेवढं बदलायचो.

त्या वर्षी एक डॉक्टर आले, पत्नीला घेऊन. बाईंचा डावा पाय लहानपणापासून अधू. त्यांना रान बघायचं होतं — डोलीतून नाही, स्वतःच्या पायांनी. मी म्हणालो, जमणार नाही. गाडीवान लखमा तिथेच बैलांना वैरण घालत होता. खोडाळ्यापलीकडच्या पाड्यावरचा, त्याला कामाला लावलं होतं मीच. तो मान वर न करता म्हणाला, "जमंल, बाय."

दुसऱ्या दिवशी तो बाईंच्या मागोमाग अंगणात चालला. किती पावलांवर थांबतात, कुठे आधार शोधतात — सगळं पाहून ठेवलं. मग पाड्यावर गेला. त्याच्या शब्दावर तिथल्या माणसांनी आठ दिवस वाट साफ केली, थांब्याथांब्यावर बसायला सपाट दगड मांडले. बाईंना पाखरांचा नाद, म्हणून वाट पाणवठ्याकडून वळवली. अक्षरओळख नसलेल्या माणसाने!

बाई मला हसून म्हणाल्या, "तुमची आखणी चांगलीच आहे हो. पण ही माझी आहे."

एवढंच. त्यात वाईट काय होतं? काहीच नाही. पण त्या दिवसापासून मला लखमाचं तोंड बघवेना. तो बैलांशी बोलायचा, तेही खुपायचं.

रानात निघायच्या आदल्या सकाळी लखमा तयारीसाठी पाड्यावर गेला. मी डॉक्टरांना एकटं गाठलं आणि म्हणालो, "साहेब, त्या पाड्यावर देवीची साथ आहे. लखमा बक्षिसाच्या आशेने लपवतोय."

साथ नव्हती. साधा तापही नव्हता कुणाला.

पाहुणे दुपारीच मुंबईला परतले. पाड्यावरची माणसं दुसऱ्या दिवशी धुतलेले कपडे घालून, नागलीच्या भाकरी भाजून, दिवस मावळेपर्यंत वाटेकडे बघत राहिली. लखमा आला तो थेट माझ्याकडे. "दादा, माझं काय चुकलं?"

"मोठ्या लोकांची लहर," मी म्हणालो.

इथे थांबलं असतं तरी — पण डॉक्टरांनी जाताना वकिलांना सावध केलं होतं, वकिलांनी गावाला. खोडाळ्याच्या बाजारात पाड्याच्या माणसांना कुणी जवळ उभं करेना. त्यांचा भात कुणी घेईना. लखमाच्या बहिणीची सोयरीक ठरली होती, ती मोडली. वकिलांनी त्याला कामावरून काढलं. आणि पाडा म्हणू लागला, शहरातली माणसं आणायचं यानेच काढलं, यानेच हे ओढवून आणलं.

तो पुन्हा माझ्याकडे आला. आत येईना, ओटीखालीच उभा राहिला. "दादा, तुमचं लोक ऐकतात. तुम्ही तरी सांगा, आमच्याकडं देवी नाय."

मी म्हणालो, "सांगतो."

एका वाक्याचं काम होतं. मी केलं नाही. भीती होती का? थोडी होती. पण त्याहून खरं असं, की तो ओटीखाली हात जोडून उभा होता आणि मला बरं वाटत होतं.

बहिणीचं लग्न पुढे झालंच नाही. लखमा वारल्याचं मला बाजारात कळलं. सांगणारा पाड्यावरचाच होता. म्हणाला, लखमा शेवटपर्यंत म्हणायचा, जव्हारात आपल्या बाजूने बोलणारा एकच माणूस होता. आणि त्याने माझं नाव घेतलं.

मी मान हलवली, आणि घरी आलो.