होदव्या म्हणजे काय

मोडनिंबहून कॉलेजसाठी सोलापूरला आले, तेव्हा रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका ज्यू जोडप्याने मला घरातली मागची खोली दिली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बी.ए. झाले ती त्या खोलीत. पुढे नोकरी लागली, लग्न झालं. पण काका-काकूंचं घर सुटलं नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या मुलाला मुलगा झाला. ज्यूंमध्ये मुलाचं नाव आठव्या दिवशी, सुंतेच्या वेळी ठेवतात. त्या प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात. सोलापुरात तेवढे उरले नाहीत, म्हणून पुण्याचे नातलग येणार होते. आदल्या दुपारी आम्ही मलिद्याच्या, म्हणजे त्यांच्या प्रसादाच्या गोड पोह्यांसाठी खोबरं खवत बसलो होतो. तेव्हा काकांनी मनातलं नाव सांगितलं, होदव्या. त्यांच्या वडिलांचं.

सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. "पप्पा, हे नाव कुणी ऐकलंय तरी का? शाळेत पोरं होडी म्हणतील."

"माझ्या वडिलांना कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात हौदा म्हणायचे. खुशाल ओ द्यायचे ते."

"त्यांचं निभावलं. याला जन्मभर समजावत बसावं लागेल."

काकू वैतागल्या. "अहो, अर्थ तरी सांगा तिला. नुसतं वडील, वडील."

मग काकांनी सांगितलं. त्यांच्या ग्रंथातल्या याकोबाची एक बायको नावडती होती. मुलगा झाला की तिला वाटे, आता तरी नवरा जवळ करील. आणि तीच आशा ती मुलाच्या नावात घाले. असे तीन झाले. चौथ्या वेळी तिने काही मागितलंच नाही. म्हणाली, आता मी देवाचे आभार मानते. त्या आभारातून यहुदा हे नाव आलं, आणि त्यावरून यहुदी. होदव्या त्याच धातूचं. देवाचे आभार माना, असा अर्थ. आमच्या ग्रंथातही ते मोजक्याच ठिकाणी येतं, म्हणाले.

"अर्थ छान आहे," सून म्हणाली, "पण अर्थ बघतंय कोण?"

मला राहवलं नाही. मी घरात तिसरी मुलगी. पुढे मुलगी नको म्हणून माझं नावच तसं ठेवलेलं. तिला ते ठाऊक होतं.

"वहिनी, पोरं हसायची त्याचं मला एवढं नाही वाटायचं. पण हजेरी झाली की आख्ख्या वर्गाला कळायचं, ही घरात कुणाला नको होती. ते लई लागायचं. याच्या नावातून लोकांना काय कळेल सांगा."

ती बाळाच्या टोपड्याची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिली. काका उठून अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी विधीच्या वेळी नाव विचारलं, तेव्हा काकांचा मुलगा बायकोकडे बघू लागला. काका जमिनीकडे बघत होते. सून दारातूनच स्पष्ट म्हणाली, "होदव्या."

काकांनी खिशात रुमाल शोधला, सापडला नाही. काकूंनी पदर पुढे केला. "घ्या. पाहुण्यांदेखत नको."

संध्याकाळी पाळणा होता. काकांच्या मुलाला बहीण नाही. सुनेने मला हाताला धरून पाळण्याशी नेलं. "आत्या तुम्हीच. कानात सांगा त्याला, आणि पूर्ण सांगा, तोडू नका."

मी वाकले आणि पूर्ण नाव सांगितलं.