शोकेसमधले कप

कॉलेजच्या मुलींची बास्केटबॉलची मॅच बघायला मी गेलो होतो, ते आमच्या शेजारची मुग्धा संघात आहे म्हणून. संघात म्हणजे बाकावर. कोचने मान वळवली की ती घाईघाईने जॅकेटची चेन उघडायची. त्याला हवी असायची पाण्याची बाटली. ती बाटली द्यायची आणि चेन पुन्हा गळ्यापर्यंत ओढून घ्यायची.

मैदानावरच्या पाचजणी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होत्या.

"सर, मी जाऊ?" मुग्धाने विचारलं.

"थांब गं, मॅच अटीतटीची आहे," तो मागे न बघताच म्हणाला.

आणि मॅच सोपी असली, की हाच गृहस्थ मोठ्या फरकाने जिंकायचं म्हणून त्याच पाचजणींना पिळणार! आपल्याकडे चांगले कप असेच शोकेसमध्ये म्हातारे होतात. फुटतील म्हणून पाहुण्यांसमोरही काढायचे नाहीत, आणि चहा कान तुटलेल्या कपातून प्यायचा. वर याला म्हणायचं जपणं. कसलं जपणं? नुसता भित्रेपणा.

शेवटी त्या पाचजणींचे पाय उचलेनात आणि जिंकत आलेली मॅच हातची गेली. कुणीतरी कारण विचारलं, तेव्हा बाकाकडे पाठ करून, चेहरा गंभीर करून कोच म्हणाला, "काय करणार? पोरी दमल्या हो."

त्याच्या मागे मुग्धा रिकाम्या बाटल्या गोळा करत होती. तिच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता.