मेलेल्या ताऱ्यामागे

दोंडाईच्याजवळच्या खेड्यातला सुकदेव शिकत शिकत पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पोहोचला, पण तो तिथं काय करतो हे गावात कुणाला धड सांगता येत नसे. त्याची आई झुंबरबाई विचारणाऱ्याला म्हणायची, "मन्हा सुकदेव तारा देखस." ते खोटं नव्हतं. फक्त सुकदेव आभाळाकडे क्वचितच बघायचा. तारा फुटून मरतो तेव्हा त्याचा धक्का भोवतालच्या वायूवर आदळतो, वायू भयंकर तापतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. ते हवेतून जमिनीपर्यंत येत नाहीत, म्हणून दुर्बीण उपग्रहावर बसवून वर पाठवावी लागते. तिनं धाडलेल्या माहितीतून ताऱ्याचं किती आणि इकडचं तिकडचं किती, हे निवडत बसणं हे सुकदेवचं काम.

त्याची पीएचडी रंगात आली होती तेव्हाच जवळच्या एका दीर्घिकेत तारा फुटला. अशी संधी नशिबानं मिळते. त्याच्या मार्गदर्शक मोहिनी मॅडमनी खटपट करून अवकाश दुर्बिणीचा वेळ मिळवला आणि पहिलं निरीक्षण त्याच्या हवाली केलं. माहिती यायला लागली आणि गावाहून फोन आला. झुंबरबाई शेतात पडली होती, उजवं अंग लुळं पडलं होतं. वडील कधीच वारले होते, भावंड नव्हतं.

धुळ्याच्या दवाखान्यात तो मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला. नेट टिकत नव्हतं. मध्येच आईला कूस बदलून द्यावी लागे, आणि परत बसलं की कुठवर आलो होतो तेच आठवत नसे. शेवटी मॅडमचा फोन आला.

"सुकदेव, बाकीचे गट थांबणार नाहीत. दिपमालाकडे देऊ का?"

दिपमाला त्याच्याच बरोबरीची, हुशार मुलगी.

"द्या मॅडम," तो म्हणाला.

दिपमालाचं नाव पहिलं घेऊन शोधनिबंध आला. सुकदेवचं मध्ये कुठंतरी होतं. त्यानं तिला मनापासून शुभेच्छा दिल्या आणि मग दिवसभर कुणाचा फोन घेतला नाही. पुढं शिष्यवृत्ती संपली. तो दोंडाईच्यात बारावीच्या मुलांचे क्लास घेऊ लागला.

झुंबरबाईची वाचा हळूहळू परतली, तुटक तुटक. एका दुपारी तो खिचडी भरवत असताना तिनं विचारलं, "तारा मरी गया ना?"

"हा."

"मंग आते काय देखतस?"

"त्याना मांगे जे र्‍हास ते."

तिनं घास गिळला. "कितला दिन दखास?"

"काही वरीस. मंग दखात नही."

बोलून गेल्यावर त्याला ते बोलायला नको होतं असं वाटलं. ती म्हणाली, "तू जाय पुनाले."

"जासू," तो म्हणाला आणि तिचं तोंड पुसलं. कुणाचाच त्यावर विश्वास नव्हता.

दोनेक वर्षांनी, थंडी सरता सरता झुंबरबाई गेली. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले, तेव्हा मोहिनी मॅडमनी कळवलं, त्या ताऱ्याचं नवं निरीक्षण आलंय, बघशील का?

तो घाई न करता बसला. ताऱ्याच्या जागी काहीच वेगळं निघेना. पद्धत बदलून पाहिली, तरी तेच. त्यानं फोन लावला.

"काही नाही मॅडम. रिकाम्या आभाळात दिसतं तेवढंच."

"मग वरची मर्यादा काढ. याहून जास्त नव्हतं, एवढं तरी सांगता येतं. तेही लिहावं लागतं."

"हो. मॅडम, परत यायचं म्हटलं तर?"



"जागा नाही रे आता. प्रकल्पच संपत आलाय."

"नुसतं विचारलं."

त्यानं मर्यादा काढली, पुन्हा तपासली आणि पाठवून दिली. संध्याकाळी क्लासला जाऊन त्यानं फळ्यावर भिंगांचं सूत्र लिहिलं. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, बरं नाही का?"

"बरा आहे," तो म्हणाला, आणि पुढचं गणित सोडवायला घेतलं.