अवचितगड, दोन रविवारी

पेणला एका गणपतीच्या कारखान्यात मी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची. बसून करायचं काम, म्हणून मला जमलेलं. माझा उजवा पाय लहानपणीच पोलिओने गेला. त्याला मांडीपासून लोखंडी पट्ट्यांचा बूट. सपाट रस्त्यावर मी बरी चालते. चढ आला की मात्र लोक मला न विचारताच ठरवून टाकतात, हिला नको.

आठवीत असताना आमची सहल अवचितगडाला गेली होती. रोह्याच्या अलीकडे मेढा गाव, तिथून गडाची वाट. बाईंनी मला गावातल्या देवळाच्या ओट्यावर बसवलं. "तू इथंच थांब, आम्ही आलोच." सगळे परतले ते ऊन कलल्यावर. एसटीत मुली वरच्या पाण्याच्या टाक्यांबद्दल, छप्पर नसलेल्या महादेवाबद्दल बोलत होत्या. मी कान देऊन ऐकत होते. घरी आईने विचारलं, "तू गेलीस वर?" मी म्हटलं, "गेले." पाण्याची टाकी सांगितली, महादेव सांगितला, दरवाजासुद्धा सांगितला.

तेव्हा आत्या घरी आलेली होती. खाडीकाठच्या गावात दिलेली, उन्हाळाभर मिठागरात राबणारी बाई. तिने माझ्यावरून हात ओवाळून दृष्ट काढल्यासारखी कानशिलावर बोटं मोडली. पुढची वीस वर्षं ती लग्नात, बारशात, बाजारात ज्याला त्याला सांगत राहिली, "माझ्या भावाची पोर त्या पायानी गड चढली." मी प्रत्येक वेळी खाली बघायची.

मग आत्याचे यजमान गेले, मिठागरही बंद पडलं. त्या वर्षी मार्गशीर्षात, कारखान्यात काम कमी असताना, ती पिशवी घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, "सगला जलम चिखलात गेला. एक डोंगर नाय चढले. मला तो महादेव दाखव. वाट तुला ठावकी हाय."

गुडघा दुखतो म्हणून मला टाळता आलं असतं. पण आणखी एक खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता.

रविवारी सकाळच्या रेल्वेगाडीने आम्ही पेणहून निघून निडी स्टेशनला उतरलो, रिक्षाने मेढ्याला गेलो. भात झोडून झालेलं, शेतात वाल हातभर वर आलेले. गाव मागे पडलं, रान लागलं. थोड्या चढानंतर वाटेला दोन फाटे फुटले. मी थांबले.

"कुठून गो?" आत्याने विचारलं.

"आत्या, मला माहीत नाही. मी कधी वर गेलेच नव्हते. बाईंनी मला खाली बसवून ठेवलं होतं."

ती एका दगडावर बसली. मग तिचा आवाज चढला. "आनि मी येड्यासारखी गावभर सांगत फिरली? तुझ्या आईला ठावं हाय?"

"नाही."

"बरा झाला." तिने पदराने तोंड पुसलं. "खोटा बोललीस ते बोललीस. आता खरा कर. ऊठ."

आम्ही डावी वाट धरली. ती गुरांची निघाली. तासाभराने एका कोरड्या ओढ्यात जाऊन संपली. परत फिरेपर्यंत बुटाचा पट्टा घासून मांडी सोलली होती. आत्यानेच खाली चला म्हटलं, आणि मला ते ऐकावं लागलं. गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मी तिला सांगितलं, "पुढच्या रविवारी." तिने मान डोलावली.

तो आठवडा मी वाया घालवला नाही. चांभाराकडून पट्ट्याला आतून मऊ चामडं लावून घेतलं, तळाला टायरचा तुकडा ठोकून घेतला. संध्याकाळी काम सुटलं की कारखान्याचा जिना चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. मालक म्हणाले, "काय चाललंय हे?" मी म्हटलं, "गडावर जायचंय." ते हसले नाहीत, ते मला बरं वाटलं.

दुसऱ्या रविवारी मेढ्यात उतरल्याबरोबर आधी वाट विचारून घेतली. लाकडांची मोळी घेऊन उतरणाऱ्या एका बाईने माझ्या बुटाकडे पाहिलं, मग चढाकडे. "उजवी वाट सोडू नका. वर कातळ लागंल, तिथं बसून सरका," एवढंच म्हणाली. जाऊ नका असं म्हणाली नाही.

दाट झाडीतला चढ मी काठी टेकत, वीस पावलं आणि विसावा, वीस पावलं आणि विसावा, असा काढला. कातळ आला तेव्हा आत्याने हात पुढे केला. "हात नको, खालच्या अंगाला राहा. घसरले तर धर." पाठ कातळाकडे करून, तळहातांवर भार टाकून मी एकेक टप्पा वर सरकले. तळहात सोलवटले. खाली बघितलं नाही. शेवटी झाडीतून दरवाजाचे दगड दिसले आणि मी त्यातून माझ्या पायांनी आत गेले.

वर पाण्याची टाकी होती, एकाला लागून एक. जवळच महादेव, उघड्या आभाळाखाली, पिंडीवर वाळकी पानं पडलेली. आत्याने पानं वेचली, टाक्यातलं पाणी ओंजळीने आणून घातलं. मी बुरुजाजवळ गेले. खाली कुंडलिका वळणं घेत चाललेली, पलीकडे रोह्याची घरं, आणि डोंगरामागे डोंगर, शेवटचे तर धुरकट निळे. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भूक मात्र सपाटून लागली. आम्ही तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. आत्या उत्तरेकडे डोळे बारीक करून बघत होती.

"मिठागरा दिसत नाय गो."

"लांब आहेत, आत्या. पेणच्याही पलीकडे."

"नाय दिसली तर नको. लय बघितली."

उतरणं चढण्याहून वाईट निघालं. कातळावर सलवार फाटली, आणि निडीची गाडी चुकली ती चुकलीच. रिक्षाने रोह्याला जाऊन तिथल्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो असताना आत्याने भिंतीवरचा वेळापत्रकाचा फलक मला मोठ्याने वाचायला लावला. वाचता वाचता तळा गावाच्या गाडीचं नाव आलं तशी तिने मला थांबवलं. "तिकडं काय हाय?"

"कुड्याची लेणी आहेत. बुद्धाची. डोंगरात कोरलेली."

"चढ हाय?"

"पायऱ्या आहेत म्हणतात."

"म्हंजे सोपाच," ती म्हणाली आणि पिशवीतून उरलेली अर्धी भाकरी काढून माझ्या हातात दिली.

संक्रांत झाल्यावर आम्ही कुड्याला गेलो. पायऱ्या सोप्या नव्हत्या.