झरी नॉनस्टॉपमधला आश्रुबा

झरीच्या आश्रुबाच्या आयुष्यात नाव गाजायचा प्रसंग एकदाच आला, तोही दहाव्या वर्षी.

जिंतूरच्या स्टँडसमोर चंद्रभानचं कॅसेटचं दुकान होतं. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर मांडून हा गडी नाचायच्या गाण्यांचे तुकडे एकमेकांना जोडायचा. नुसत्या गाण्यांनी त्याचं भागेना. मग मध्येच एसटीचा हॉर्न, कंडक्टरची शिट्टी, कुणाची तरी शेळी. शेळी ओरडली होती एकदाच. चंद्रभानने बटण दाबून दाबून तिला ठेक्यावर आठ वेळा ओरडायला लावलं. ब्याऐंशी साली आईबरोबर बाजाराला आलेल्या आश्रुबाला त्याने पेपरमिंट दिलं आणि म्हणाला, "नाव सांग, गाव सांग." आश्रुबाने सांगितलं. महिन्याभरात 'झरी नॉनस्टॉप' निघाली. ऐन रंगात आलेल्या ढोलकीवर आवाज यायचा, "आ-आ-आ-आश्रुबा! झ-झ-झ-झरी!"

दोन लग्नसराया ती कॅसेट गावोगाव वाजली. वरातीत आश्रुबाला खांद्यावर घेऊन नाचायचे. लोक पोट धरून हसायचे, आणि खांद्यावर बसलेल्या माणसाला खालचं हसणं कौतुकासारखंच ऐकू येतं. आपण बोलताना अडखळतो हे त्याला ठाऊक होतं. पण कॅसेटमधलं अडखळणं आपलं नाही, मशीनचं आहे, ही त्याची पक्की समजूत. शेळी कुठं तोतरी होती?

पुढे गुरुजी त्याला रोज धडा वाचायला उभं करू लागले. वर्गाची करमणूक झाली, आश्रुबाची शाळा सुटली. तो कापसाच्या जिनिंगमध्ये लागला. तिथं मशिनीच्या आवाजात सगळेच हातवारे करून बोलायचे, त्यामुळे आश्रुबा चार जणांइतकाच बोलका ठरला.

बाराएक वर्षांनी सोनपेठच्या दत्तरावांची चतुरा सांगून आली. पाहण्याच्या दिवशी सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याच्या आईने, सगुणाबाईने दिली. "लय लाजरं हाय हो. मोठ्या माणसांपुढं तोंड उघडीत न्हाई." आश्रुबा मान हलवत राहिला. दत्तरावांना त्यात संस्कार दिसले. चतुराने मात्र चहा देताना हळूच विचारलं, "साखर बास का?" आणि ती थांबली. उत्तर येईल म्हणून खरोखर थांबली. आश्रुबासाठी असं कुणी थांबलेलं नव्हतं. त्याने तेवढ्यात ठरवलं की हिला आपलंही कधी नाव होतं हे कळलं पाहिजे.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तो चंद्रभानकडे गेला. चंद्रभानने ती कॅसेट जपून ठेवली होती.

"एकट्यात ऐकू नको बरं का," तो मिशीत हसत म्हणाला. "चारचौघांत लाव. मजा चारचौघांतच हाय."

सोनपेठला मांडवात माणसं जमली. गूळ-खोबरं वाटून झालं, सुपारी फुटायची राहिली होती. आश्रुबाने स्वतः उठून टेपमध्ये कॅसेट घातली. हॉर्न वाजला, पोरं नाचायला लागली. मग शेळी आली. दोन ओरडण्यांच्या मध्ये बारीकसा टक् असा आवाज होता, बटणाचा. लहानपणी तो कधी ऐकू आला नव्हता. पण मशीन कुठं अडतंय हे आवाजावरून ओळखण्यावर आता त्याचं पोट होतं. आठ शेळ्या, सात टक्.

"आ-आ-आ-आश्रुबा!"

टक् नव्हता. तो कान लावून थांबला. "झ-झ-झ-झरी!" तिथंही नव्हता. तेवढ्या तुकड्याला चंद्रभानने बोटसुद्धा लावलं नव्हतं.

दत्तरावांनी टेप बंद केला. "जावाई, हे तुमीच काय?"

"मशीनचं हाय ते, इवाई," सगुणाबाई घाईने म्हणाली.

"तुमी थांबा, इहीणबाई. त्यांना बोलू द्या. सांगा जावाई, नाव सांगा, गाव सांगा."

दारातून चतुरा बघत होती, त्या दिवशीसारखीच थांबून.

"आ... आ... आ..."

एका पोराने टाळीचा ठेका धरला. दुसरं त्यावर कंबर हलवू लागलं. आश्रुबा नावापर्यंत पोहोचला तेव्हा सगळी पोरं नाचत होती. गाव राहूनच गेलं.

दत्तराव गंभीर झाले. त्यांचे थोरले भाऊ दिनकरराव पान जमवत म्हणाले, "अरे, कमी बोलणारा जावाई बरा. तुझ्या थोरलीच्या नवऱ्याचं तोंड बंद व्हायला काय देशील?"

मांडव हसला. दत्तरावही हसले. "फोडा मग सुपारी. पण एक अट हाय. वरातीत हीच कॅसेट लावायची."

सगळ्यांत आधी सगुणाबाई हसली, सुटल्यासारखी. आश्रुबाने दाराकडे पाहिलं. चतुराने हसू दाबायला पदर तोंडात धरला होता आणि तिचे खांदे हलत होते.

सुपारी फुटली. कुणीतरी कॅसेट मागे फिरवली आणि नवरदेवाला हात धरून मध्ये ओढलं. आश्रुबा नाचला. शेळीमागून आपलं नाव येणार होतं; शेळी येईपर्यंत त्याची पावलं नीट पडत होती.